मोरीवाले डॉक्टर

पाहुणा घरात आला की आधी पाणी द्यायचं, मग चहाचं विचारायचं, ही आपली रीत. हे गृहस्थ आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो उंबऱ्यातच अर्धा रिकामा केला आणि विचारलं, "मोरी कुठं आहे?"

आईला वाटलं, बोईसरपासून एसटीनं आलेत, पाय धुवायचे असतील. तिनं मागच्या पडवीतली मोरी दाखवली. ते आत गेले ते बाहेर येईनात. आई मला दबक्या आवाजात म्हणाली, "जरा बघ रे, चक्कर बिक्कर आली का त्यांना." मी भिंत धरत धरत मोरीच्या दारापर्यंत गेलो. पाहतो तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हा माणूस मोरीतल्या दगडावर बसला होता. एक पाय सरळ पुढे ताणलेला, माझा असतो तसा. आणि बसल्या जागेवरून हात मागे नेऊन बादलीतला तांब्या काढता येतो का ते बघत होता. येत नव्हता. तांब्या सारखा बादलीत पडत होता.

"इथं आंघोळ कशी करता तुम्ही?" त्यांनी मला विचारलं.

"करतो," मी म्हणालो.

"सांगू नका. करून दाखवा."

मी कपड्यांसकट त्या दगडावर बसलो आणि नुसत्या हवेनं आंघोळ करून दाखवली. हे सगळं आई दारातून बघत होती. मोरीच्या कोपऱ्यात शेवाळ धरलं होतं, खुंटीवर तिचा फाटका परकर वाळत होता, आणि परका पुरुष तिथं बसून तिच्या बादलीची उंची वितीनं मोजत होता. ती शरमेनं अर्धी झाली. ते गेल्यावर तिनं संध्याकाळचा स्वयंपाक टाकून मोरी घासली. पुढच्या खेपेला ते येणार म्हणताच पुन्हा घासली, आणि त्यांनी आत पाऊल टाकताच म्हटलं, "एवढी घासू नका हो, घसरतील ते." चांगुलपणा करायला जावं तर हा माणूस त्यातही खोट काढायचा.

गावात त्यांचं नाव मोरीवाले डॉक्टर पडलं. वास्तविक ते डॉक्टर नव्हते. पालघरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांची खोली होती, तिच्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशी पाटी होती. ती वाचायचा कंटाळा करून लोक त्यांना व्यायामवाले म्हणत. तसं म्हटलं की ते चिडायचे. "व्यायाम शेजारच्या खोलीत. माझ्याकडं काम," असं म्हणून बोटानं शेजारचं दार दाखवायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाचा हात किती वाकतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्या हातानं तो घरी काय करतो याच्याशी होतं. मी तिथं बाकावर बसून त्यांचं काम पुष्कळ पाहिलंय. तारापूरच्या कुठल्यातरी कारखान्यात प्रेसखाली बोटं गेलेला एक कामगार होता. त्याला ते जेवणाचा डबा उघडायला शिकवत होते. तो वैतागला. "साहब, डिब्बा तो बीवी खोल देगी."

"बीवी कहाँ है?"

"गाँव में."

"फिर? रोज गाँव जाएगा खाना खाने? खोलके दिखाओ."

पेशंट कुणीही असो, त्याला ते मालक म्हणायचे. मनोरकडच्या डोंगरातून आलेल्या, अंगावर धड कपडा नसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा. म्हातारा मागे वळून बघायचा, की मालक कोण आलाय.

माझा आजार जन्माचा. रक्त गोठत नाही. लोकांना वाटतं, अशा माणसाला सुई टोचली की बादलीभर रक्त जातं. तसं नसतं. रक्त आतल्या आत सांध्यांत साठतं, गुडघा नारळासारखा सुजतो, कोपर अर्ध्यात अडकतं, आणि सूज उतरली तरी सांधा पहिल्यासारखा होत नाही. माझा एक मामा लहानपणी दाढ काढली त्यात गेला. आईनं तो बघितला होता, म्हणून तिनं मला होडीवर जाऊ दिलं नाही, वाडीत झाडावर चढू दिलं नाही. शाळेच्या वयात मी बहुतेक घरीच असायचो, आणि हाताला लागेल ते वाचायचो. चिंचणीच्या बाजूला आमच्या गावांतून डाय करायचा धंदा घरोघर चालतो. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीनं उलटी नक्षी खोदायची. दागिनेवाले मग तिच्यावर पातळ पत्रा ठेवून ठोकतात, की फूल, कोयरी, हंस, जे खोदलं असेल ते पत्र्यावर उठतं. बसून करायचं काम, म्हणून मला काकांच्या शेडमध्ये बसवलं. खिडकीपाशी ओळीनं माणसं बसायची, त्यात कडेची जागा माझी. बसून करायचं असलं तरी हातोडी दिवसभर चालते, आणि हातोडीचा प्रत्येक धक्का कोपरात जाऊन बसतो. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कोपर पार आखडलं तेव्हा पालघरच्या दवाखान्यानं मला या साहेबांच्या हवाली केलं.

त्यांनी काय करावं? स्वतःचा उजवा हात माझा होता तेवढ्याच कोनात बांबूच्या कामट्या लावून बांधला. हे त्यांचं नेहमीचंच. कुणासाठी काही बनवायचं असलं की आधी त्याचं दुखणं स्वतःच्या अंगावर बांधायचं, आणि तसं आठवडाभर राहायचं. उमरोळीला भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे, तेव्हा घरी ओरडायला कुणी नव्हतं. एसटीचा कंडक्टर बिचारा म्हणायचा, "बसा साहेब, जागा करतो, काय लागलं?" हे म्हणायचे, "काही नाही, मालकांचा हात आहे." कंडक्टर पुढे काही विचारत नसे.

त्याच आठवड्यात मासवणला कुणाच्यातरी लग्नाचं आमंत्रण होतं. हे तसेच गेले. पंगतीत बसले. घास उचलला, तो तोंडापर्यंत पोचेना. मग मान खाली घालून पत्रावळीपाशी नेली. शेजारचे हसायला लागले, यजमान धावत आले, "डावा हात चालवा हो, आमचं काय नाय." हे म्हणाले, "डावा चालवायचा नाही, मालक घरी पंगतीत डावा चालवत नाहीत." कोण मालक, कुठली पंगत, कुणाला कळलं नाही. अख्ख्या मांडवात हा माणूस वाकून वाकून भात खात राहिला. दुसऱ्या दिवशी मला सांगताना म्हणाले, "मालक, पोट भरतं. लाज फार वाटते. म्हणून तुम्ही लग्नाला जात नाही, नाही का?"

खरं तेच होतं आणि ते मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी मला जाड मुठीची छिन्नी करून दिली, सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ठोकळा तिरका धरायला लाकडाची उतरती घडवंची केली. हातोडी हलकी केली आणि कोपराऐवजी खांद्यातून मारायला शिकवली. काकांच्या शेडमध्ये सगळे हसले, पण माझं काम पुन्हा सुरू झालं. ती वर्षं बरी गेली. साहेब तेव्हा वेगळेच होते. सगळ्यांचं सगळं न्यायचे. इकडच्या माणसाचा स्वभावच आहे, कुणी पालघरला निघालं की त्याच्या हातात काहीतरी द्यायचं. बोंबील दे, चिकू दे, बहिणीचा निरोप दे, दुरुस्तीचा रेडिओ दे. साहेबांच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या असायच्या. त्यांची बहीण मुंबईला होती, तिच्याकडे ते सुटीला जायचे, आणि येताना दवाखान्याचं एक काम करायचे. दुखणं वाढलं की मला प्लाझ्मा चढवावा लागायचा, तो मुंबईच्या एका खासगी रक्तपेढीतून यायचा. साहेब प्लाझ्माच्या पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून मांडीवर ठेवून आणायचे. तो डबा ते खाली ठेवत नसत. "मालकांचा माल आहे," म्हणायचे.

त्या पिशव्यांतलंच काहीतरी माझ्या अंगात गेलं.

पुढे रक्ताच्या नव्या तपासण्या आल्या तेव्हा ते कळलं. रक्तपेढी पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचं रक्त न तपासता घेत होती, असं म्हणत. खरं खोटं शोधायला कुणी गेलं नाही, आणि तोवर तिला टाळं लागलं होतं. मला एड्सचा विषाणू होता. दवाखान्यातून ही बातमी गावात कशी आली देव जाणे, पण मी एसटीतून उतरायच्या आधी ती उतरलेली होती. बोईसरच्या स्टँडच्या भिंतीवर त्या रोगाची चित्रं रंगवलेली होती, बाई, बाटली आणि कवटी. गावानं माझा हिशेब त्या भिंतीवरून केला. ज्या माणसाला मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागते तो रात्रीबेरात्री कुठल्या गल्लीत जाऊन येणार, एवढा विचार करायला कुणाला वेळ नव्हता. मला हसू यायचं आणि त्याच वेळी कुठं तोंड लपवू असं व्हायचं. लाज ही गंमतच आहे. आपण काही केलं नाही हे पक्कं ठाऊक असलं तरी ती येते आणि आपल्याच घरात बसते.

काका वाईट माणूस नव्हता. शेडमध्ये छिन्न्या सगळ्यांच्या सगळे वापरतात, छिन्नी घसरली की बोट कापतंच. इतर माणसं म्हणाली, हा बसला तर आम्ही उठतो. एका सकाळी काकानं माझ्या छिन्न्या, घडवंची आणि भिंग गोणपाटात बांधून कुंपणापाशी आणून ठेवलं. आत आला नाही. रस्त्यावरच उभा राहून समुद्राकडे बघत म्हणाला, "घरी बसून कर हां. मी काय तुला नाय नाय बोलत." आणि गेला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही. दोघांनाही ते सोपं गेलं.

साहेबांना कळलं तेव्हा ते आमच्या अंगणात आले. मोरीचं विचारलं नाही, पाणी घेतलं नाही. माझ्यासमोर हात पुढे करून उभे राहिले आणि म्हणाले, "मालक, या हातांनी आणलं मी."

मी म्हटलं, "तुमाला काय म्हाईत होतं त्यात काय हाय ते?"

"विचारलंही नव्हतं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून माणूस पालटला. दोन गोष्टी त्यांनी धरल्या. एक म्हणजे कुणाचं काही न्यायचं बंद. कागदाचा कपटासुद्धा नाही. लोक सवयीनं पिशवी पुढे करायचे, हे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. "मी कुणाचं काही नेत नाही." बायका दुखावल्या. इतका शिकलेला माणूस, आणि बोंबलाच्या वासाला नाक मुरडतो, असा त्यांनी अर्थ काढला. दुसरी गोष्ट याहून वाईट. ते दिसेल त्याला सांगत सुटले. माझं नाव निघालं, कुणी तोंड वाकडं केलं, की हे तिथंच थांबून म्हणायचे, "त्यांची चूक नाही. मी आणलं, माझ्या हातांनी. दवाखान्यानं चढवलं." स्टँडवर सांगायचे, चहाच्या टपरीवर सांगायचे, एसटीत शेजारच्याला सांगायचे. दवाखान्याच्या मंडळींना ते कसं आवडणार? त्यांना बोलावून समज दिली. साहेब म्हणाले, "मग तुम्ही सांगा, मी गप्प बसतो." दवाखान्यातलं कुणी सांगणार नव्हतं, तेव्हा हे गप्प बसले नाहीत. नोकरी कशी टिकली कोण जाणे. बहुधा तेवढ्या पगारात दुसरा कुणी येईना म्हणून.

त्यांचं मन मला कळत होतं. पण त्यांचं ऐकून एकाचंही मत बदललं नाही. उलट ज्यांना माहीत नव्हतं त्यांना माहीत झालं. टपरीवर मी दिसलो की गप्पा थांबायच्या, आणि मला कळायचं, साहेब येऊन गेलेत.

घरी मात्र ते पूर्वीसारखे यायचे. पडवीत खिडकी नव्हती, ती त्यांनी आमच्याच कोयत्यानं कुडाला भोक पाडून केली. आई बघतच राहिली. घडवंची बसवली. हात कापू नये म्हणून डाव्या हाताला चामड्याचा हातमोजा शिवला, कोपराला नवा पट्टा केला. कापलंच तर काय करायचं, काय धुवायचं, काय जाळायचं, ते मला आणि आईला शांतपणे शिकवलं. माझ्या शेजारी मांडी घालून बसायचे आणि मी गप्प बसलो की म्हणायचे, "ठोका. ऐकू येऊ दे." एवढं सगळं झालं तरी मला एक साधी गोष्ट भेडसावत होती. काका माझ्या डाय नेणार नव्हता. व्यापारी बोईसरला. मी खोदलेलं कुणी हातात घेणारच नसेल तर मी नुसता पोलादावर आवाज करत बसलेला माणूस होतो.

तरी मी एक हंस खोदला. कानातल्यांचा, मान वळवलेला. जीव ओतून खोदला. पुरा झाला आणि नेमका माझा गुडघा भरला. उठवेना. आई बोईसरला कधी एकटी गेली नव्हती, आणि त्या दिवसांत ती विहिरीवरसुद्धा सगळ्या बायका गेल्यावर जायची. मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी हात पाठीमागे नेले.

"साहेब, पोलाद हाय ते," मी म्हणालो. "ह्यात रक्त नाय."

मग हात पुढे करून त्यांनी डाय घेतली, रुमालात गुंडाळली आणि छातीशी धरून गेले. मला इतका आनंद झाला की आईला मी उगाचच चहा करायला सांगितला.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा रुमाल तसाच छातीशी होता.

"घेतली नाही," ते म्हणाले.

"का? काय खोट काढली?"

"उघडून बघितलीच नाही. मी त्यांना आधी सांगितलं ना."

"काय सांगितलं?"

"सगळं. कुणी केली, त्याला काय आजार आहे, तो कसा झाला." माझा चेहरा बघून ते घाईघाईनं म्हणाले, "मालक, न सांगता मी काही नेऊ शकत नाही आता. एकदा नेलं. पण पोलादाला काही होत नाही हेही समजावलं मी. तुमची चूक नाही, माझ्या हातांनी..."

माझं डोकं फिरलं. आयुष्यात मी कुणावर ओरडलो नव्हतो. आजारी माणसाला ओरडायची सोय नसते, त्याला सगळ्यांची गरज असते. त्या दिवशी ओरडलो. "तुमची लाज तुमच्यापाशी ठेवा! डब्यावानी वाजवत फिरता ती गावभर. तुमाला हलकं वाटतं आणि माझं दार बंद होतं. मी कधी बोललो तुमाला, की माझ्या वतीनं सांगा?"

रुमाल त्यांनी घडवंचीवर ठेवला. आई दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. साहेबांसमोर ती सहसा बोलत नसे. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"डाक्टर, तुमचं बरं हाय," ती म्हणाली. "तुमी आणलं ते बाहेरून आणलं. चार मानसांत उभं राहून सांगता, लोकं ऐकून घेतात. ह्याचं रक्तच मी असं दिलं. माझ्या भावाचं तेच ह्याचं, मधी मी. पालघरच्या डाक्टरनं मला सांगितलं ते, हा पोटरीएवढा होता तवा. मी कुठल्या स्टँडवर जाऊन सांगू?"

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे आजार आईकडून येतो हे मी वाचलं होतं, पण ते तिलाही ठाऊक आहे, आणि ती ते इतकी वर्षं माझं अंग शेकताना, मला जेवायला वाढताना मनात धरून आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. साहेब आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर मटकन खाली बसले. मग म्हणाले, "आई, ते तुम्ही दिलेलं नाही. ते तुमच्याकडं आलं होतं. तुम्हाला काय कळणार होतं?"

"आनि तुमाला?" आई म्हणाली.

आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. अंधार पडायला लागला तेव्हा साहेब उठले, माझ्या कोपराचा पट्टा सवयीनं एकदा चाचपून बघितला आणि शेवटची गाडी धरायला गेले. त्यानंतर "माझ्या हातांनी आणलं" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. टपरीवरही कुणी ऐकलं नाही. आईशी मात्र ते आता तास तास बोलायचे, तिच्या माहेरचं, तिच्या भावाचं. दाढ काढली त्या दिवसाचं तिनं त्यांना सांगितलं, जे मला कधी सांगितलं नव्हतं. मी पडवीत ठोकत असायचो आणि आवाज थांबवून ऐकायचो.

माझ्या गुडघ्याची सूज उतरली. मी साहेबांना निरोप धाडला की मला बोईसरला जायचंय, सोबत या, पण डाय मी नेणार. ते आले. एसटीत मी हंस मांडीवर धरून बसलो आणि ते शेजारी, हात गुडघ्यांवर ठेवून, खिडकीबाहेर बघत. बोईसरला उतरल्यावर मी त्यांना बजावलं, "तुमी भायेर उभं राहायचं. आत पाय टाकायचा नाय, तोंड उघडायचं नाय."

"बरं," ते म्हणाले.

व्यापारी शेठचं दुकान स्टेशनजवळच्या गल्लीत. मी पायरी चढलो ती कशी चढलो ते सांगत नाही. शेठनं मला ओळखलं नाही, कारण माझा माल आजवर काकांच्या हातून गेला होता. मी उभा राहिलो. वाटत होतं, खाली गल्लीत उभा असलेला तो माणूस धावत यावा आणि त्यानंच सगळं सांगून टाकावं. तो आला नाही. मग मीच म्हणालो, "शेठ, मागच्या खेपेला डाक्टर घेऊन आले होते ती डाय माझी. मला एड्स हाय. दवाखान्यात चढवलेल्या रक्तातून झाला. डाय बघता का?"

दुकानातला माणूस सरकून आतल्या बाजूला गेला. शेठ माझ्या हातांकडे बघत राहिला. माझी मान खाली गेली. एवढ्यासाठी आपण आलो का, असं वाटलं. निघावं म्हणून वळणार तेवढ्यात तो म्हणाला, "ठेव इथं."

मी ठेवली. त्यानं उचलली, उजेडाकडे धरली, डोळ्याला भिंग लावलं. हंसाभोवती सावकाश फिरवली. हे त्याचं रोजचं काम होतं आणि ते करताना त्याला मी दिसेनासा झालो, हे मला स्पष्ट कळलं.

"गर्दन बारीक झाली रे," तो म्हणाला. "पत्रा फाटेल इथं. दुसरी करून आण, मग बघू." आणि डाय ठेवून त्यानं हात धोतराला पुसले. ते मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यानंही बघितलं. पण डायबद्दल तो खरं बोलत होता. मी भिंग मागून घेतलं नाही, नुसत्या डोळ्यांनाही दिसत होतं. मानेची खोबण अरुंद झाली होती. शिकाऊ माणसानं करावी अशी चूक. माझे कान गरम झाले, आणि पायरी उतरेपर्यंत मला उमगलं की कित्येक वर्षांनी मला माझ्या कामाची लाज वाटत होती. रक्ताची नव्हे, गुडघ्याची नव्हे, आईच्या मोरीची नव्हे. एखाद्या धडधाकट कारागिराला वाटावी तशी.

साहेब गल्लीत तसेच उभे होते, तोंड घट्ट मिटून.

"काय म्हणाले?"

"मान बारीक झालीय बोलले. दुसरी आणायला सांगितली."

त्यांचा चेहरा उतरला. हात लगेच माझ्या कोपराकडे आला, पट्ट्याची कड धरून ते पुटपुटायला लागले, "हा मी थोडा वर घेतला होता ना, मनगट वळायला अडतं मग. छिन्नी आत झुकते. मालक, म्हणजे ही चूक माझ्या..."

मी त्यांचा हात पट्ट्यावरून काढला.

"नाय साहेब," मी म्हणालो. "मान मी बारीक केली."